बिनठिणगीची पाइपलाइन

पाइपांच्या चुका काढणं हे रंगनाथ आहेरचं काम. लोकांच्या चुका काढण्यापेक्षा हे बरं. पाइप उलटून बोलत नाहीत. १९८३ साली निफाडकडे पाण्याची लाइन चालली होती. लोखंड मातीत गंजू नये म्हणून तिच्यावर डांबराचा जाड थर चढवत. त्यात टाचणीएवढं भोक राहिलं तरी गंज तिथूनच शिरतो. म्हणून रंगनाथ गळ्यात पेटी अडकवून थरावरून तारेचा ब्रश फिरवत चाले. ब्रशमध्ये दहा-बारा हजार व्होल्ट. भोक आलं की चट्‌कन ठिणगी पडे, पेटीतली घंटा वाजे आणि पेठ तालुक्याकडच्या डांबरवाल्यांची टोळी रंगनाथकडे खाऊ का गिळू अशी बघे.

शनिवारी ओढ्यापलीकडच्या तुकड्याची तपासणी बघायला मोठे साहेब आले. आधी पूजा. टोळीचा मुकादम देवराम याच्या बायकोनं, भागीबाईनं, पाइपला हळदकुंकू लावलं. नारळ फोडायची वेळ आली आणि दगड मिळेना. त्या काळ्या रानात ढेकळांना तोटा नव्हता, पण ढेकळावर नारळ फुटत नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेव्हा रंगनाथनं जमिनीत रोवलेली पहार उपटली आणि तिच्यावर नारळ फोडला.

"याला म्हणतात प्रसंगावधान!" साहेब म्हणाले.

ती पहार पेटीच्या अर्थिंगची होती. वायर तिलाच बांधलेली. खोबरं वाटण्याच्या गडबडीत रंगनाथनं ती रिकाम्या पोत्यांवर आडवी ठेवली. रोज सुरुवातीला तो पाइपावर मुद्दाम एक ओरखडा काढून ठिणगी पडते का पाही. पण नुकतंच कुंकू लावलेल्या पाइपला ओरखडा? तेही साहेबांसमोर? तो सरळ चालू लागला.

या टोकापासून त्या टोकापर्यंत घंटा वाजली नाही. साहेब इतके खूश झाले की त्यांच्यासाठी आणलेली शाल त्यांनी देवरामच्या खांद्यावर घातली.

"म्या काय केलं, साहेब? समदा आहेर साहेबांचा पायगुण हाय," देवराम म्हणाला.

साहेबांची जीप गेली. सामान आवरताना रंगनाथला पोत्यांवरची पहार दिसली. अर्थिंगच नाही म्हटल्यावर नागडं लोखंड तपासलं असतं तरी पेटी गप्पच राहिली असती. आणि सोमवारी ही लाइन मातीखाली जायची होती.

रविवारभर त्यानं एक वाक्य घोकलं: पहार मी काढली होती. वाक्य सोपं होतं. फक्त त्यातला 'मी' घशाखाली उतरत नव्हता, वरही येत नव्हता.

सोमवारी देवराम डांबराच्या भट्टीशेजारी शाल पांघरून उभा होता.

"देवराम, लाइन परत तपासू."

"का वो साहेब? कामाची शंका आली का काय?"

ते वाक्य म्हणायची जागा हीच होती. रंगनाथनं द्राक्षबागेकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला, "जराशी."

पहार नीट रोवली. घंटा वाजली. पुढे पुन्हा वाजली. चांगल्या टोळीच्या हातूनही राहतात, तेवढीच भोकं होती ती. पण शनिवारच्या चमत्कारानंतर प्रत्येक घंटा देवरामच्या कानफटात बसत होती. त्यानं शाल काढली आणि घडी करून भागीबाईकडे दिली.

"आता रं? शनिवारी तर लय मिरवत हुतास," ती म्हणाली. नवऱ्याचं तोंड पाहून पुढचं तिनं गिळलं.

दुपारपर्यंत सगळी भोकं बुजवून झाली. लाइन आता खरोखर निर्दोष होती. देवराम हात जोडून समोर आला.

"साहेब, मोठ्या साहेबापुढं तुमी आमचं नाव केलं, अन् आमी तुमाला मान खाली घालाय लावली. एवढी चुकी पोटात घाला."

रंगनाथनं तोंड उघडलं. वाक्य कालपासून तयारच होतं.

"असू दे, देवराम," तो म्हणाला. "चुका माणसाकडूनच होतात."

मग दिवस मावळेपर्यंत देवराम टोळीतल्या एकेकाला सांगत होता, आपल्या साहेबाचं मन लय मोठं हाय. रंगनाथ चालत चालत लाइनच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. तिथेही ऐकू येत होतं.