हार्लनचे दगड

क्लेटन डेन्व्हरहून सहा तास गाडी हाकत आला आणि माझ्या ट्रेलरच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधीच म्हणाला, "आई, खोली तयार आहे."

खोली म्हणजे त्याच्या घराखालचं तळघर. त्यानं फोनवर फोटो दाखवले. भिंतींना फिकट निळा रंग दिला होता, नवा पलंग होता आणि वर छताला लागून एक खिडकी होती. खिडकीतून गवताची बुडं आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याचे पाय दिसत होते.

"छान आहे," मी म्हणाले. "कोण राहणार तिथे?"

त्यानं लाल फीत बांधलेली किल्ली टेबलावर ठेवली. मुलगा चांगला आहे माझा. पण चांगली माणसं एकदा आपलं भलं करायला निघाली की त्यांना आवरणं महाकठीण.

मी रोवेना. वय अडुसष्ट. वायोमिंगच्या याच काउंटीत सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर मी आणि माझ्या नवऱ्यानं, हार्लननं, घर विकलं, तेहतीस फुटी ट्रेलर घेतला आणि तेच आमचं घर झालं. हिवाळा ॲरिझोनात, उन्हाळा बिगहॉर्न डोंगराच्या घाटापलीकडे, दरीतल्या सरकारी कॅम्पात. तिथे आम्ही कॅम्प सांभाळायचो. जळाऊ लाकडं विकायची, संडास धुवायचे, उघड्यावर खाणं ठेवून अस्वलांना आमंत्रण देणाऱ्यांना झापायचं. झापायचं काम माझ्याकडे होतं. गेल्या ऑक्टोबरात इथे, बफलो गावच्या ट्रेलर पार्कात, सकाळची कॉफी पिता पिता हार्लन गेला. सगळा हिवाळा मी इथेच काढला.

आता जून लागला होता. कॅम्पच्या नव्या साहेबानं फोनवर सरळ सांगितलं होतं, "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ट्रेलर घेऊन या. नाही आलात तर जागा आयडाहोच्या एका जोडप्याला देतो." कॅम्पवाले जागा देतात, घर आपलं आपण न्यायचं असतं. म्हणजे ट्रेलर घाटापलीकडे गेला तर माझा उन्हाळा, माझं काम, माझं आयुष्य शाबूत. नाही गेला तर तळघर आणि कुत्र्याचे पाय.

अडचण एवढीच होती की ट्रेलर कायम हार्लननं ओढला होता. सव्वीस वर्षं एकेचाळीस पोरांची बस मी बर्फातून नेली, पण ट्रेलर जोडला की हे साहेब चालकाच्या जागेवर. मी शेजारी बसून अकरा वर्षं नसलेला ब्रेक पायानं दाबत राहिले. प्रत्येक घाट उतरला की खाली जळक्या ब्रेकचा वास. "हार्लन, वरूनच खालचा गियर टाक," मी म्हणायचे. "ही बस नाही, रो," तो म्हणायचा. वास कसला म्हणून विचारलं तर म्हणायचा, डोंगराचा.

"आई, पिकअप शहाण्णव सालची आहे," क्लेटन म्हणाला. "तीन लाख मैल झालेत. दोन्हींना मिळून गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. शनिवारी येतोय."

"तुला चालवता तरी येते का ती?"

पिकअपला पाच गियर आहेत आणि ते हातानं टाकावे लागतात. माझ्या मुलाच्या आयुष्यात क्लच आलेलाच नाही.

गुरुवारी सकाळी मी जोडायला घेतलं. आमच्या ट्रेलरवाल्या लोकांत एक रीत आहे. कुणी ट्रेलर जोडायला लागलं की अख्खा पार्क कॉफीचे कप आणि घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर येतो, पण जोडणाऱ्याशी कुणी अवाक्षर बोलत नाही. लक्ष विचलित झालं, कडी अर्धवट बसली की वाटेत ट्रेलर पिकअपच्या हौद्यावर आदळतो. त्यामुळे बघायचं सगळ्यांनी, बोलायचं कुणी नाही.

मी पिकअप उलटी घेतली. ट्रेलरच्या नाकाखालचा जाड खुंटा हौद्यातल्या लोखंडी जबड्यात खट्कन बसला.

"आई, मला वाटतं..." क्लेटन सुरू झाला.

"श्श," शेजारचा ऑर्विल खुर्चीतून म्हणाला. "डेन्व्हरला हे शिकवत नाहीत वाटतं."

मी ट्रेलरचे ब्रेक दाबून धरले, पिकअप पुढे रेटून पाहिली. कडी पक्की होती. मग ट्रेलरचे पुढचे पाय वर घेतले, सगळं वजन पिकअपवर आलं आणि तिची शेपूट एवढी खाली बसली की मागची टायरं फुगली आणि पुढचे दिवे पार्कातल्या झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागले.

ऑर्विलनं कॉफीचा घोट घेतला. "हार्लनच्या वेळीही अशीच बसायची," तो म्हणाला. "गाडी दमलीय म्हणायचा तो."

क्लेटननं नुसतं बघितलं. ते बघणंच जास्त लागलं मला.

मी पिकअप तशीच हळूहळू महामार्गावरच्या ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर नेली. अकरा वर्षांत हार्लननं तिला एकदाही काट्यावर चढवलं नव्हतं. चिठ्ठी आली. मागच्या चाकांवर सहा हजार नऊशे पन्नास पौंड. पिकअपच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली मर्यादा सहा हजार चौऱ्याऐंशी.

"बघ," क्लेटन हळूच म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, हे मात्र खरं. "संपलं, आई."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला ती निळी खोली दिसली, मी पलंगाच्या कडेला बसलेली दिसले. मग वाटलं, माझ्याकडे एवढं जड आहे तरी काय? चार पँट, दोन कोट, तीन पातेली. मी ट्रेलरभोवती फिरले आणि नाकाच्या खालच्या बाजूला, पलंगाखालच्या कप्प्यापाशी थांबले. तो हार्लनचा कप्पा. त्यात त्याची हत्यारं असतात अशी माझी समजूत होती. किल्ली त्याच्या जुडग्यात होती.

दार उघडलं आणि आत दगड.

कॉफीच्या डब्यांत दगड, दुधाच्या क्रेटमध्ये दगड, धान्याच्या गोण्यांत दगड. हिरवे, काळे, लाकडाचे दगड झालेले तुकडे. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि त्याच्या वाकड्या अक्षरात गाव आणि साल. हार्लनला दगड गोळा करायचा नाद होता हे मला माहीत होतं. प्रत्येक मुक्कामावर तो गोणी भरायचा, मी डोळे वटारायचे आणि तो म्हणायचा, "ठेवले परत, रो. दोनच घेतले." अकरा वर्षं माणूस मला 'दोनच' म्हणत आला. आणि खोटं बोलून लपवले कुठे, तर नेमके नाकात, जिथलं जवळजवळ सगळं वजन पिकअपच्या पाठीवर येतं.

मी त्याला तिथल्या तिथे दोन शिव्या दिल्या. मग रडले. मग परत शिव्या दिल्या. ट्रकवाले रांगेत थांबले होते, त्यातल्या एकानंही भोंगा वाजवला नाही.

"गाडी म्हातारी झालेली नाही," मी डोळे पुसून म्हणाले. "ती तुझ्या बापाचा डोंगर वाहत होती. आणि तो वर तिलाच नावं ठेवत होता."

"आई, फेकू नकोस हं. बाबांचे आहेत ते."

"फेकतंय कोण? तुझी गाडी इकडे लाव. मागचं दार उघड."

"माझी गाडी? का?"

"तुझ्याकडे खोली रिकामी आहे ना."

दीड तास आम्ही दगड वाहिले. क्लेटनची गाडी नवी कोरी, मोठी, आतून अजून दुकानाचा वास येणारी. तिची शेपूट हळूहळू खाली बसत गेली तसा त्याचा चेहराही. मी पुन्हा काट्यावर गेले. सहा हजार वीस. मर्यादेच्या चौसष्ट पौंड आत.

लाउडस्पीकरमधून काट्यावरची बाई म्हणाली, "तीच गाडी का?"

"तीच. नवऱ्याचा नाद तेवढा उतरवला."

"माझ्या नवऱ्याचा उतरवायला कुठे यायचं?" ती म्हणाली.

संध्याकाळी क्लेटननं शेवटचा डाव टाकला. "चढशील तू, मान्य. पण उतरताना काय? बाबांच्या वेळीही चाकांतून धूर यायचा, मी लहान नव्हतो, मला माहितीये. मी मागून येतो. तुझ्या चाकांतून धूर निघाला तर तू थांबायचं आणि शनिवारी विकायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. "माझी चाकं धुरावली तर मी स्वतः येऊन तुझ्या खोलीत पडदे लावीन."

लाल फितीची किल्ली मी पर्समध्ये टाकली. हरले असते तर शब्द पाळला असता, आणि म्हणूनच त्या रात्री मला झोप आली नाही.

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. ऑर्विल खुर्चीतून उठून उभा राहिला, एवढं तो फक्त राष्ट्रगीताला करतो. दिवे आता सरळ रस्त्याकडे बघत होते. चढाला मी तिसऱ्या गियरवर आले, मग दुसऱ्या. ताशी पंचवीस मैल. मागे मोटारींची शेपूट लागली. जागा मिळाली की मी बाजूला घ्यायचे, सगळ्यांना जाऊ द्यायचे. एक पोरगा खिडकीतून ओरडून गेला, "आजी, विकून टाक ती!"

"आधी तू भाड्याच्या गाडीतून उतर," मी म्हणाले. ऐकू गेलं नसणार, पण मला बरं वाटलं.

माथ्यावर रस्त्याच्या कडेला अजून मळका बर्फ होता. मी तिथे पूर्ण थांबले. बस चालवणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात, ज्या गियरमध्ये उतरायचं तो माथ्यावरच टाकायचा. उतार लागल्यावर तो शोधत बसायचा नाही. शेजारच्या जागेवर, जिथे मी अकरा वर्षं बसले, तिथे पर्स होती. मी दुसरा गियर टाकला आणि क्लच सोडला.

इंजिन नुसतं ओरडत होतं. ओरडू दे, ओरडतंय म्हणजे धरून ठेवतंय. पाय सारखा ब्रेककडे जात होता, तिथेच विसावू बघत होता. मी त्याला उचलून बाजूला ठेवत होते. वेग वाढला की एकदा घट्ट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, चाकांना श्वास घेऊ द्यायचा. मोठ्या वळणावर तर समोर गुरं. जूनमध्ये गुरं वरच्या कुरणांत नेतात, शंभरेक गायी रस्ताभर पसरलेल्या आणि मागे घोड्यावर एक पोरगी. मी थांबले. सगळं अकरा-बारा हजार पौंडांचं घर पाठीशी आणि समोर वासरं. गायी दोन्ही बाजूंनी पिकअपला घासत गेल्या. त्या पोरीनं टोपीला हात लावला, मी पहिल्या गियरमध्ये पुन्हा सुटले.

तळाशी थांबायची जागा आली. इंजिन बंद केलं आणि दार उघडलं.

वास आला. जळका, कडवट, अकरा वर्षांच्या ओळखीचा.

पर्समधली किल्ली आठवली. क्लेटन मागून उतरला, चेहरा पांढराफटक. तो ट्रेलरच्या चाकापाशी गुडघ्यावर बसला आणि मधल्या तुंब्यावर तळवा ठेवला. घाट उतरल्यावर आमच्यात प्रत्येकजण हेच करतो. तापला असेल तर हात टेकवत नाही. त्यानं हात तसाच ठेवला. दुसऱ्या चाकावर ठेवला. पलीकडे जाऊन उरलेली दोन पाहिली.

"कोमट आहेत," तो म्हणाला. "चारही."

"मग वास कुठला?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी मागे पाहिलं. त्याच्या नव्या गाडीच्या पुढच्या चाकांतून निळसर धूर सावकाश वर चढत होता.

"गाडीत काहीतरी बिघाड आहे," क्लेटन म्हणाला.

"गाडीला काही झालेलं नाही. उतारभर पाय कुठे होता तुझा?"

"ब्रेकवर. आणखी कुठे असणार?"

"आणि गियर?"

"आई, माझी गाडी गियर आपोआप बदलते."

"आपोआपवालीलाही खालचा गियर टाकता येतो. बापाचाच आहेस हो," मी म्हणाले आणि मला इतकं हसू आलं की मला पायरीवर बसावं लागलं. तोही शेवटी हसला. हार्लनचे अकराशे पौंड दगड आपल्याच मुलाला घाटात तोंडघशी पाडत होते आणि ते बघायला तो नव्हता, हेच काय ते वाईट वाटलं.

चाकं निवेपर्यंत अर्धा तास थांबलो. पावणेबाराला कॅम्पाच्या फाटकातून ट्रेलर आत गेला. साहेबानं घड्याळ बघितलं, मग माझ्यामागे बघितलं. "चालवत कोण आलं?"

"मीच. आयडाहोवाल्यांना फोन करून टाका."

क्लेटननं ट्रेलर समपातळीत आणायला फळ्या लावल्या, पाण्याचा पाइप जोडला. निघताना मी लाल फितीची किल्ली त्याच्या खिशात घातली आणि वर हार्लनच्या रिकाम्या कप्प्याची किल्लीही दिली.

"खोली बाबांना दे," मी म्हणाले. "हिरवा मोठा दगड खिडकीपाशी ठेव. कुत्र्यालाही बघायला काहीतरी होईल."

"आणि तू?"

"मला कामं आहेत."

त्यानं मान डोलावली, गाडीत बसला, काच खाली केली. मी दारावर हात ठेवला.

"परत तोच घाट आहे. माथ्यावर पूर्ण थांब. आणि वरूनच खालचा गियर टाक."

"हो, आई," तो म्हणाला.

अकरा वर्षं मी शेजारच्या जागेवर बसून या एका 'हो'ची वाट बघत होते.