मालक जेवायला येतात

“बाई, ही भाकर झाकून तिकडं कोपऱ्यात सरकवा. मालक यायच्या आत चूल मोकळी पाह्यजे मले.”

मॅनेजरच्या घरचा स्वयंपाकी सोजराबाईच्याच चुलीपुढे बसून सोजराबाईला सांगत होता. त्याने सोबत कणकेचा डबा आणला होता, तुपाची बरणी आणली होती, बासमतीसारखा लांब दाण्याचा तांदूळ आणला होता. सोजराबाईने पहाटे थापलेल्या दोन भाकरी उचलल्या, टोपल्यात ठेवून वर फडकं टाकलं आणि स्वतःच्याच घरात दाराशी उभी राहिली. दुसरं काय करणार? चुलीपुढे तिला जागाच नव्हती.

मलकापुरातल्या कापसाच्या जिनात ती लग्न होऊन आल्यापासून कामाला होती. गाड्यांतून उतरलेला कापूस पसरायचा, त्यातली कवडी म्हणजे किडका कापूस आणि पाला वेचायचा, मग तो सरकी काढणाऱ्या रेच्यांवर चढवायचा. मोसमभर केसांत, पापण्यांत, श्वासात कापूस. तिचा नवरा इंद्रभान तिथेच फिटर होता. घाईगडबडीत मशीन बंद पडलं की सगळा जिन त्याच्या नावाने हाका मारायचा, एरवी तो फारसा कुणाच्या नजरेत यायचा नाही. जिनामागच्या चाळीतल्या दोन खोल्या, एवढाच त्यांचा संसार.

आणि आज तिथे माणिकराव जेवायला यायचे होते.

माणिकरावांना सगळे मालकच म्हणत. वऱ्हाडातल्याच सोनाळा गावच्या एका लहानशा दुकानदाराचा हा मुलगा. त्यांनी जिन घेतला, मग गाठी बांधायचा प्रेस, मग तेलाच्या गिरण्या. आता मुंबईच्या बाजारात त्यांचं नाव अदबीने घेतलं जाई. वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल नेहमी एक गोष्ट छापून येई. हा माणूस ऑफिसात बसून निर्णय घेत नाही. दरवर्षी प्रत्येक कारखान्यात एका कामगाराच्या घरी जमिनीवर बसून जेवतो. ‘माणूस कसा जगतो ते त्याच्या ताटात दिसतं,’ असं ते म्हणत. त्यांच्या या म्हणण्यावर मोठमोठ्या लोकांनी भाषणं केली होती.

सकाळीच मॅनेजर अर्जुनराव येऊन इंद्रभानला बाजूला घेऊन बोलून गेले होते. माणूस वाईट नव्हता. फक्त मालकांना काही खुपू नये याची त्यांना रात्रंदिवस काळजी. “इंद्रभान, मालक एवढे लांबून येतात. त्यांना ती लाल मिलोची भाकर वाढणार का? लाज कुणाची जाईल? आपलीच. आणि हे बघ, हेडफिटरची जागा रिकामी आहे, लक्षात आहे माझ्या.”

सहासष्ट सालचा तो हिवाळा. पाऊस दगा देऊन गेला होता. ज्वारी बाजारात दिसत नव्हती, आणि दिसली तर हात लावायची सोय नव्हती. लोक अमेरिकेतून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीवर दिवस काढत होते. जिनाच्या फाटकाशी कंपनीचं धान्याचं दुकान होतं, तिथे कामगारांना खरेदीच्याच भावात धान्य मिळे. मिलो तर मिलो, पण घरात चूल पेटत होती ती त्या दुकानामुळे.

“गप्प राह्यजो,” इंद्रभान तिच्या कानाशी म्हणाला. “एका जेवणाची तं गोठ हाये. जेवतीन अन् जातीन.”

“मी कुठं काई म्हनून राह्यली? पन माह्या चुलीवर परका मानूस बसला, ते दिसून नाई राह्यलं तुमाले?”

तो घागर उचलून पाणी आणायला निघाला.

दुपारी माणिकराव आले. पांढरं धोतर, साधा कोट, पायात वहाणा. दाराशी वाकून आत शिरले आणि सोजराबाईला हात जोडले. “बाई, तुम्हाला त्रास दिला.” ते मनापासून म्हणत होते. हाच माणूस मशीनखाली हात सापडलेल्या पोराला स्वतःच्या मोटारीत घालून अकोल्याला घेऊन गेला होता, हे तिला ठाऊक होतं. तिच्या मनात त्यांच्याबद्दल वाईट काही नव्हतं.

ऑफिसातून आणलेल्या पाटावर ते बसले. शेजारी अर्जुनराव. इंद्रभान भिंतीशी अवघडून बसला. सोजराबाईने वाढलं: पोळ्या, वांग्याची भाजी, वरण, भात, वर तुपाची धार. माणिकराव चवीने जेवत होते. मधेच ते अर्जुनरावांकडे वळले.

“मनातली एक शंका फिटली आज. मागच्या वर्षी इथल्याच दयारामकडे जेवलो, तिथंही गहूच होता. लोक दुष्काळ दुष्काळ म्हणतात, पण आपली माणसं नीट खाताहेत. त्या धान्याच्या दुकानात आपण उगाच पैसा अडकवून बसलोय. हा महिना संपला की बंद करू. नव्या प्रेसच्या कामाला येईल तो.”

अर्जुनरावांचा घास हातातच राहिला. त्यांचा चेहरा उतरला. असं काही होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते बोलायला तोंड उघडतील असं सोजराबाईला वाटलं. तिने वाट पाहिली. त्यांनी मान खाली घातली आणि भात कालवायला लागले.

तिने इंद्रभानकडे पाहिलं. तो डोळ्यांनीच नको नको म्हणत होता. पण तिच्या डोळ्यांपुढे होती ती शेजारची जनकाबाई. तिचा नवरा गेल्या साली वारला होता. पदरात तीन लेकरं. दुकान उघडायच्या आधीपासून पिशवी धरून पायरीवर बसणारी.

सोजराबाईने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“मालक, हे जेवन आमचं नाई.”

“म्हणजे?”

“गहू आमचा नाई, तूप आमचं नाई. रांधलं बी दुसऱ्यानं. तुमी बसले तो पाट हपिसातला हाये. पाव्हन्याच्या ताटावर असं बोलू नये, समजते मले. पन तुमी हे ताट पाहून दुकान बंद करून राह्यले, म्हनून बोलली.”

माणिकरावांनी हातातली पोळी ताटात ठेवली. मग विचारलं, “आणि दयारामकडे जेवलो, ते?”

“ते दयारामभाऊले विचारा. मी माह्या घरचं सांगतलं.”

माणिकरावांनी अर्जुनरावांकडे पाहिलंही नाही. ते चुलीकडे बघत होते. मग त्यांच्या तोंडून सोनाळ्याची बोली निघाली. तिथे बसलेल्यांपैकी कुणी ती त्यांच्या तोंडून आजवर ऐकली नव्हती.

“तुमच्यासाटी काय रांधलं होतं तुमी?”

“भाकर हाये. मिलोची. तुमाले नाई जानार ते.”

“मले काऊन नाई जानार? मी सोनाळ्याचा हावो.”

“सोनाळ्याची ज्वारी येगळी, मालक. हे अमेरिकेची हाये.”

इंद्रभान घाबरून अर्धवट उठला. पण माणिकराव हसले. थोडंसंच. “आना,” म्हणाले.

तिने टोपलं आणलं. गार झालेली, लालसर, कडेने फुटलेली भाकर आणि मिरचीचा ठेचा. त्यांनी तुकडा मोडला, तो हातातच भुगा झाला. पहिला घास गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला घशात अडकलं. ते पाणी प्याले आणि त्यांनी पुन्हा एक तुकडा उचलला. सगळे बघत होते. अर्धी भाकर राहिली तेव्हा त्यांचा हात थांबला. चेहऱ्यावरून कळत होतं, पुढचा घास जाणार नव्हता आणि ठेवून द्यायचीही लाज वाटत होती.

“राहू द्या,” सोजराबाई म्हणाली. “सवय लागा लागते.”

ते उठले, हात धुतले. निघताना दाराशी थांबून म्हणाले, “अर्जुनराव, दुकान चालू राहील. बाकीचं ऑफिसात बोलू.”

ऑफिसात ते काय बोलले ते कुणालाच कळलं नाही. अर्जुनरावांची नोकरी गेली नाही. चारचौघांत कुणाचा पाणउतारा करायचा नाही हा मालकांचा रिवाज होता. ज्वारी बाजारात परत येईपर्यंत दुकान चाललं. हेडफिटरची जागा मात्र खामगावहून आलेल्या एका माणसाला मिळाली. इंद्रभानने त्याबद्दल एकदाच तोंड उघडलं. “तू नसती बोलली तं...”

“नसती बोलली तं जनकाबाईच्या दारावरून मले जाता आलं असतं काय? तुमाले आलं असतं?”

तो विचारात पडला. “नाई,” म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

माणिकराव त्यानंतर कुठल्याही कामगाराच्या घरी जेवायला गेले नाहीत. मलकापूरला आले की न सांगता येत. दुपारच्या सुट्टीत घरून आणलेला डबा घेऊन जिनाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बाकीच्यांत बसत आणि आजूबाजूच्या फडक्यांत काय आहे ते बघत. पहिल्यांदा बाया लाजल्या. मग सवयीने विसरल्या. सोजराबाई समोर असली तर ते विचारत, “औंदा भाकर कशी हाये?” ती भाकरीचा तुकडा पुढे करी. ते चाखून मान हलवीत. त्यापलीकडे दोघांत कधी बोलणं झालं नाही.

काही वर्षांनी ते गेले. जिन एक दिवस बंद ठेवला. बाजारपेठेतल्या मैदानावर शोकसभा झाली, मुंबईहून माणसं आली. एकामागून एक बोलत होते, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात तीच गोष्ट होती: एवढा मोठा माणूस, पण कामगाराच्या घरी जमिनीवर बसून त्याच्या हातचं जेवायचा. लोक डोळे पुसत होते.

मागच्या बाजूला बायांत बसलेल्या सोजराबाईला कामाला नवीन लागलेल्या एका मुलीने कोपराने ढोसलं. “मावशी, तुमच्या घरी बी जेवले होते म्हन्तात. खरं काय?”

“हाव,” सोजराबाई म्हणाली. “अर्धी भाकर.”

मुलीला वाटलं मावशी आणखी काही सांगेल. पण ती उठली. सभा चालूच होती. बाहेर रस्त्यावर येऊन सवयीने ती जिनाकडेच निघाली, आणि फाटक बंद दिसल्यावर थबकली. आत मशीनचा आवाज नव्हता. उतरायच्या राहिलेल्या कापसाच्या गाड्या रांगेने उभ्या होत्या, बैल सोडलेले. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, जरा वेळ तिथेच उभी राहिली आणि मग घराची वाट धरली.