रसायन, भौतिक आणि आमरस

विद्यापीठाला शंभर वर्षं झाली तेव्हा इतिहास विभागातल्या नूपुर भुसारीच्या गळ्यात एक काम पडलं. थंडीतल्या रविवारी सकाळी लोकांना परिसरातून फिरवायचं आणि विद्यापीठ कसं वाढलं ते सांगायचं. "तुम्ही उत्साही आहात," असं विभागप्रमुख म्हणाले. नोकरी नवी होती, त्यामुळे नूपुरला उत्साही असणं भागच होतं.

तिने मन लावून तयारी केली. सुरुवातीला विद्यापीठ म्हणजे नुसतं परीक्षा घेणारं कार्यालय होतं. पुढे स्वतःचे विभाग निघाले, तेही एका कॉलेजच्या उसन्या खोल्यांत. मग गावाबाहेरची ही बाभळीची जमीन मिळाली आणि एकेक इमारत उभी राहिली. कोणत्या साली काय झालं, हे सगळं नूपुरला तोंडपाठ होतं. पहिल्या रविवारी तिने ते घडाघडा सांगितलं. आलेल्यांपैकी निम्मे लोक रोज तिथे फिरायला येणारेच होते. ते वळणावर आपल्या नेहमीच्या रस्त्याला लागले ते परत आलेच नाहीत. उरलेल्यांत एमएच्या वर्गातली मिनल होती. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, राग नका मानू. पण या सगळ्यात माणसं कुठं होती? नुसत्या इमारतीच बांधल्या गेल्या का?"

नूपुरला राग आला नाही, पण बोचलं. घरी जाताना तिने ठरवलं, आता माणसं शोधायची.

पहिलं नाव सगळ्यांनी सांगितलं ते कृष्णकांत घाटे यांचं. रसायनशास्त्राचे निवृत्त प्रमुख, राहायला धरमपेठेत, वय ऐंशीच्या घरात, इस्त्रीचा शर्ट आणि बोलणंही तसंच कडक. त्यांनी नूपुरला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येईन. एकच अट. गोतमारे येणार असतील तर मी येणार नाही."

"गोतमारे कोण, सर?"

"भौतिकशास्त्र," घाटे म्हणाले. एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसे.

महादेवराव गोतमारे सावनेरजवळ आपल्या शेतावर राहत होते. निवृत्तीनंतर भौतिकशास्त्र सोडून ते गावी परतले होते आणि कपाशीत रमले होते. नूपुर पोचली तेव्हा ते विहिरीच्या मोटारपंपाशी झटापट करत होते. हात पुसत आले आणि तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत म्हणाले, "घाटे येऊन राहिला का?"

"हो सर. पण तुम्ही असाल तर ते..."

"नाई म्हणते ना? मले माहीत होतं." महादेवराव खूश होऊन हसले. "काहून नाई म्हणते, ते नाई सांगितलं त्यानं?"

ते नूपुरला आधीच एका जुन्या कारकुनाने सांगितलं होतं, पण अर्धवट. दोघांचे विभाग एकाच इमारतीत होते, मधे एक जिना. डावीकडे रसायन, उजवीकडे भौतिक. निवृत्तीपर्यंत हे दोघे त्याच जिन्यावरून चढले-उतरले, पण पस्तीस वर्षांहून जास्त काळ एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. बैठकीत शेजारी बसायची वेळ आली तर डीनकडे बघून बोलायचे. "डीनसाहेब, त्यांना सांगा, खिडकी लावा." आणि खिडकी लावणारा डीनकडे बघून म्हणायचा, "डीनसाहेब, त्यांना सांगा, लावली."

नूपुरने मग मधला मार्ग काढला. एका रविवारी घाटे, पुढच्या रविवारी गोतमारे. दोघांनीही ते मान्य केलं.

घाट्यांच्या रविवारी गर्दी बरी होती. मिनलने वर्गातली पोरं गोळा करून आणली होती. घाटे छान बोलत होते. उसन्या खोल्यांत प्रयोगशाळा कशी चालायची, वास येतो म्हणून शेजारचे संस्कृतचे प्राध्यापक कसे तक्रार करायचे, इथे पहिल्यांदा आले तेव्हा टेबलाच्या खणात विंचू कसे निघायचे. पोरं हसत होती. मग इमारतीसमोर उभं राहून घाटे म्हणाले, "तर या जागेत पहिला विभाग आला तो आमचा. रसायनशास्त्राचा."

"चूक," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मागे मफलर गुंडाळलेला, कानटोपी घातलेला एक उंच माणूस उभा होता. त्याने कानटोपी काढली.

"सर!" नूपुर घाईने पुढे झाली. "तुमचा रविवार पुढचा होता."

"मी काय बोलाले थोडीच आलो? ऐकाले आलो," महादेवराव म्हणाले. "पण चूक ते चूक. पहिले भौतिकचं सामान आलं. मी सोता ट्रकवर बसून आणलं."

घाट्यांनी मान वळवली नाही. नूपुरकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, सामान येणं म्हणजे विभाग येणं नव्हे. सामान तीन आठवडे व्हरांड्यात पडून होतं."

"मॅडम, त्याले सांगा, व्हरांड्यात काहून पडून होतं? कारण खोलीच्या किल्ल्या रसायनवाल्यांनी दाबून ठेवल्या होत्या!"

पोरांनी टाळ्याच वाजवल्या. नूपुर दोघांच्या मधे उभी राहून इकडे-तिकडे मान फिरवत होती. काही वेळाने तिच्या लक्षात आलं की कोणी हललेलं नाही. उलट फिरायला आलेली माणसं थांबून ऐकत होती. पहिलं कोण आलं हे बाजूलाच राहिलं. पंखे कोणत्या बाजूला जास्त होते, कोणाचे विद्यार्थी कोणत्या संस्थेत गेले, पाण्याची टाकी फुटली तेव्हा कोणाच्या खोलीत तळं झालं, सगळं बाहेर येत होतं. वाद घालत घालत सगळे आत शिरले आणि जिन्याशी आले.

तिथे महादेवराव म्हणाले, "अन् आमरसाचं आइस्क्रीम? ते सांगितलं का पोराईले? त्याच्यानंच तर हे सगळं मोठं झालं."

घाट्यांचा चेहरा एकदम बदलला.

"आइस्क्रीम?" मिनलने विचारलं.

मग महादेवरावांनीच सांगितलं. त्या काळी भौतिक विभागात द्रवरूप नायट्रोजन बनवणारं यंत्र होतं. हात घातला तर हात तुटून पडेल इतका गार. आजूबाजूच्या पाचसहा जिल्ह्यांत तसं यंत्र दुसरं नव्हतं. मे महिन्यात दिल्लीहून अनुदानाची समिती आली. त्याच दिवशी लाइट गेली. पंखे बंद, कूलर बंद, समितीचे साहेब घामाने निथळत होते आणि घड्याळाकडे बघत होते. "मले दिसून राहिलं होतं, हे लोक आता उठते अन् आपलं अनुदान जाते. मंग मी घरून आमरस मागवला, दूध मागवलं, अन् मोठ्या पातेल्यात नायट्रोजन ओतला. धूर निघाला असा! दोन मिनटात आइस्क्रीम. साहेबलोक पोरावानी टाळ्या पिटून राहिले होते. त्याईनं दुसऱ्यांदा मागून खाल्लं. अन् अनुदान मंजूर. त्याच पैशातून वरच्या मजल्यावरची मोठी मशीन आली, जिच्यावर अर्ध्या विदर्भाची पोरं संशोधन करते."

पोरं खिदळली. घाटे मात्र पहिल्यांदाच थेट महादेवरावांकडे वळले.

"पुढचं सांगा," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "तो नायट्रोजन कोणाचा होता ते सांगा."

महादेवराव जिन्याच्या कठड्याकडे बघू लागले.

"माझ्या विद्यार्थिनीसाठी राखून ठेवलेला होता," घाटे सांगू लागले. "प्रेमलता इखार. सहा महिने खपून तिने एक संयुग तयार केलं होतं. जरा ऊब लागली की मोडणारं. ते ज्या भांड्यात ठेवलं होतं, त्याच्याभोवती रोज संध्याकाळी नायट्रोजन भरावा लागायचा. त्या संध्याकाळी ती भांडं घेऊन आली तेव्हा टाकी रिकामी. लाइट नाही, यंत्र बंद. सकाळपर्यंत सगळं गेलं. तिला पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळणार होती, तीही गेली. पोरीने पारशिवनीच्या कॉलेजात नोकरी धरली. यांनी आइस्क्रीम केलं."



"मले वाटलं, सकाळपर्यंत टिकन," महादेवराव हळू म्हणाले. "लाइट येईन असं वाटलं होतं." त्यांनी कानटोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि निघून गेले. घाटेही पाठोपाठ घरी निघाले.

त्या दिवशी नूपुर अस्वस्थ होती. इतकी रंगलेली सकाळ अशी विझली. आणि एक गोष्ट तिला सारखी खटकत होती. दोन म्हाताऱ्यांनी एका मुलीवरून एवढी वर्षं अबोला धरला, पण त्या मुलीचं काय म्हणणं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. तिने पारशिवनीच्या कॉलेजातून नंबर मिळवला आणि फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "बोल. मीच प्रेमलता." नूपुरने सगळं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

पुढच्या रविवारी महादेवराव ठरल्याप्रमाणे आले, पण पडलेल्या चेहऱ्याने. घाट्यांना नूपुरने फक्त एवढंच सांगितलं होतं की प्रेमलताबाई येणार आहेत. ते लवकर येऊन उभे होते. बसमधून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उतरली. खांद्यावर शबनम पिशवी, पायात बूट. दोघांच्या पाया पडली आणि उभी राहून दोघांकडे कमरेवर हात ठेवून बघू लागली.

"सर," ती घाट्यांना म्हणाली, "माझ्या नावानं तुम्ही यांच्याशी बोलणं टाकलं?"

"तुझं नुकसान झालं, प्रेमलता."

"झालं. आठवडाभर रडले मी. यांचा तर इतका राग आला होता की यांच्या स्कूटरची हवा काढली होती, दोनदा."

"ते तू होती का वं?" महादेवराव चकित होऊन म्हणाले. "मी यायच्यावर संशय घेतला ना इतकी वर्षं!" त्यांनी घाट्यांकडे बोट केलं.

"माझ्यावर?" घाटे संतापले. "मी हवा काढणारा माणूस दिसतो?"

पोरांना हसू आवरेना. प्रेमलताबाई मात्र हसल्या नाहीत. "पण सर, नंतर तेच संयुग मी तुमच्याच हाताखाली पुन्हा केलं ना. वर्ष गेलं, पीएचडी झाली. पुण्याला मला जायचंच नव्हतं हो. बाबांनी आणि तुम्ही मिळून ठरवलं होतं. पारशिवनीला विज्ञान शाखाच नव्हती. मी गेले आणि सुरू केली. पहिल्या वर्षी पाच पोरी होत्या. आता तिथून दरवर्षी पोरं इथं येतात, तुमच्या या इमारतीत, त्या वरच्या मशीनवर काम करतात. तुम्हाला वाटलं मी वाया गेले. एकदा तरी पारशिवनीला येऊन बघितलंत का? एकदा तरी मला विचारलंत?"

 घाट्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"नाही विचारलं," शेवटी ते म्हणाले. "चुकलं माझं."

"माहंही चुकलं," महादेवराव म्हणाले. "तेव्हाच येऊन सांगाले पाहिजे होतं तुले. लाज वाटली."

"बरं," प्रेमलताबाई म्हणाल्या, आणि आता त्या हसल्या. "माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ते आइस्क्रीम सगळ्या इमारतीनं खाल्लं. डीननं खाल्लं, शिपायांनी खाल्लं. मला कोणी चमचाभरही दिलं नाही."

त्यावर जो हशा पिकला तो जिन्यावरून वर पोचला आणि रविवारी काम करणारे दोन संशोधक काय झालं म्हणून बाहेर आले. त्यातली एक मुलगी प्रेमलताबाईंना बघून ओरडलीच, "मॅडम, तुम्ही इथं?" ती पारशिवनीची होती. प्रेमलताबाईंनी तिला घाट्यांसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "हिला विचारा, काय करते." मुलगी सांगू लागली. घाटे मधेमधे प्रश्न विचारत होते, महादेवराव मधेमधे उत्तरं देत होते, आणि नूपुरकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

त्यानंतरचे रविवार नूपुरला सांभाळणं कठीण झालं. गर्दी इतकी व्हायला लागली की कुलगुरूंच्या कार्यालयातून एक भोंगा आणि पाण्याची व्यवस्था आली. जुने विद्यार्थी अमरावती, चंद्रपूरहून येऊ लागले. कोणी वसतिगृहातल्या संपाची गोष्ट सांगायचं, कोणी ग्रंथालयात जमलेल्या लग्नाची. रसायन आणि भौतिक यांचा वाद मिटला असं मात्र कोणी म्हणू नये. तो वाढलाच, फक्त आता समोरासमोर होता. पहिलं कोण आलं, हे अजून ठरायचं होतं.

जानेवारीत बुटीबोरीच्या एका शाळेतून फोन आला. तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं त्या शाळेत शिकत होती. कोणी बिहारचं, कोणी ओडिशाचं, कोणी यवतमाळचं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आमच्या मुलांना विद्यापीठ म्हणजे काय ते कोणी येऊन सांगेल का? घरात कोणी पाहिलेलं नाही.

नूपुरने दोघांना विचारलं. दोघेही लगेच तयार झाले. ठरल्या सकाळी महादेवराव सावनेरहून आपली जुनी जीप घेऊन धरमपेठेत आले. घाटे बाहेर येऊन जीपकडे बघत राहिले. मागच्या सीटवर कपाशीचा कचरा होता.

"यात बसायचं?"

"नाई तर काय, विमान आणू?"

घाट्यांनी रुमालाने पुढची सीट झटकली आणि बसले. नूपुर मागे कपाशीत बसली. जीप निघाली. चौकात महादेवरावांनी डावीकडे वळवायला घेतली तसं घाटे म्हणाले, "उजवीकडून. उड्डाणपुलावरून लवकर पोचतो."

"घाटे, गाडी मी चालवून राहिलो."

"म्हणूनच सांगतोय."

महादेवरावांनी आरशात नूपुरकडे पाहिलं. "पोरी, तू सांग. डावीकडून की उजवीकडून?"

नूपुरने बाहेर बघत कानात हेडफोन घातले. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजू लागले. पुढे दोघे बोलतच होते.