माझ्या पाठीमागची खिडकी

मी एक जुना एसी आहे. खिडकीत बसवतात ना, तसला. तोंड खोलीत, पाठ गल्लीत. मित्रांनो, तुम्ही मला समोरूनच ओळखता. गार वाऱ्यात बसून "आहाहा!" म्हणता. पण माझा सगळा जीव पाठीमागे अडकलेला आहे. आज बंद पडून आहे, तरी मला चैन म्हणून नाही!

माझा जन्म एका दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकानाच्या मागच्या खोलीत आमचा मालक सारखं काहीतरी जुळवत बसे. गारवा तयार करायचं त्याला भारी वेड. गल्ली त्याला थंडोबा म्हणायची आणि तोही ते नाव बिरुदासारखं मिरवायचा. भंगारातला सांगाडा, कुठलासा कॉम्प्रेसर, नवा पंखा अशी जुळवाजुळव करून त्याने मला उभं केलं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा गडी लहान पोरासारखा नाचला. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू!

मग त्याने मला स्वतःच्या खोलीच्या खिडकीत बसवलं आणि खोलीभर थर्मामीटर टांगले. कपाटावर, दारामागे, उशाशी. सगळे आत. बाहेर एकही नाही.

आता गंमत ऐका. गंमत कसली, कपाळ माझं! खोलीतली उष्णता मी काही खाऊन टाकत नाही. ती उचलतो, त्यात स्वतःची भर घालतो आणि मागच्या मागे गल्लीत फेकतो. आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या खिडकीत हात लांबवून मिठाची वाटी देता यावी. त्या समोरच्या खिडकीत कोण राहत होतं? थंडोबाची सख्खी धाकटी बहीण! नुकतीच बाळंत झालेली. आणि माझा सगळा फुफाटा थेट तिच्या पाळण्यावर.

पहिल्या दिवशी तिने खिडकी अर्धी लावली, दुसऱ्या दिवशी पूर्ण. नवरा चिडला, तर म्हणाली, "असू दे हो, दादाचं काम चाललंय. किती वर्षं धडपडतोय बिचारा." बंद खोलीत बाळ घामाने निथळायचं. गळ्याला, पाठीला घामोळं आलं. दूध तोंडात धरायचं आणि सोडून रडायचं. मी हे काचेतून बघत होतो आणि तिकडेच आग ओकत होतो. किती खडखडाट केला, किती पाणी गळवलं! थंडोबाने काय करावं? माझे स्क्रू आवळले.

पुढे तर कहरच झाला. गारव्याची कीर्ती पसरली. शिंप्याने माझ्यासारखाच एक बनवून घेतला, मग बेकरीवाल्याने, मग घड्याळवाल्याने. सगळ्यांच्या पाठी गल्लीत. गल्लीची भट्टी झाली. थंडोबा डोकं खाजवायचा, "यंत्र तेच, मग खोली पूर्वीसारखी गार का होत नाही?" आणि माझा जोर आणखी वाढवायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा!

शेवटी डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "बाळाला ही खोली सोसत नाही. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल." थंडोबाच्या कानावर गेलं. मामाच तो, जीव कासावीस झाला. त्याने भाच्यासाठी चांगला दणकट एसी तयार केला आणि खांद्यावर घेऊन समोर गेला. खिडकीचं माप घ्यायला म्हणून त्याने ती उघडली, आणि माझा झोत सणसणीत त्याच्या तोंडावर बसला.

"अरे बापरे! कुणाचं यंत्र आहे हे? लाज नाही वाटत लोकांना?"

बहीण बाळाला वारा घालत होती. हळूच म्हणाली, "तुझंच आहे, दादा."

त्याने वाकून समोर पाहिलं. मी त्याच्या तोंडावर फुंकतच होतो. थांबता आलं असतं तर!

"सांगितलं का नाहीस गं?"

"तू एवढा खूश होतास. आणि इकडे येऊन कधी विचारलंस?"

नवा एसी न बसवताच तो धावत घरी आला आणि त्याने मला बंद केलं. मग दारोदार फिरला. शिंपी म्हणाला, "वा रे वा! सवय तूच लावलीस आणि आता उपदेशही तूच करणार?" बेकरीवाला नुसता हसला. खरं आहे, एकाची चूक पटापट पसरते, शहाणपण मात्र रखडत चालतं.

आता मी खिडकीशेजारच्या बाकावर पाठ उघडी टाकून पडलो आहे. थंडोबा माझी उष्णता छपराच्या वर सोडायची खटपट करतो आहे. वर तरी कुणाची खिडकी नाही ना, हे तो आधी जिना चढून बघून आला. एक थर्मामीटर आता पाळण्याशी टांगला आहे.

मित्रांनो, यंत्र जरूर बनवा, विकत घ्या, वापरा. पण बटण दाबण्यापूर्वी एकदा माझ्या पाठीमागे येऊन उभे राहा. तिथे कोण झोपलंय ते बघा.

काल समोरची खिडकी उघडली. अर्धीच. बाकीची यंत्रं अजून घरघरताहेत. ती खिडकी पूर्ण उघडेपर्यंत मला झोप नाही.