दोन शेपट्यांचा मासा

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, ते ऐकण्याआधी जरा नीट बसा. तुमच्या पणजोबांचे पणजोबा माझ्या लेखी काल-परवा पाळण्यातून उतरले. मी काही कोटी वर्षांचा आहे. नेमका आकडा मलाही ठाऊक नाही, कारण तेव्हा दिवस मोजायला कोणी नव्हतं. एखाद्याला गणित आलं नाही की तुम्ही त्याला 'दगड' म्हणता, त्याचा मला राग येतो. मी एकदा अंगावर घेतलेली गोष्ट विसरत नाही. तुमच्यातल्या किती जणांना असं म्हणता येईल?

सध्या मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत राहतो. काचेचं कपाट, मधली फळी. एका बाजूला तराजू, दुसऱ्या बाजूला बरणीतला बेडूक. बेडूक फारसा बोलत नाही. माझा आकार दप्तराएवढा, रंग मळकट पिवळा, आणि माझ्या अंगावर एक मासा आहे. माझी सगळी इभ्रत त्या माशामुळे. एकदा भर सभागृहात ती जाता जाता राहिली, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मी आधी चिखल होतो. त्यात लाज कसली? उथळ पाण्याच्या तळाशी पडलेला मऊ, गार चिखल. एक दिवस एक मासा मेला आणि माझ्यावर येऊन टेकला. त्याच्यावर आणखी चिखल आला, त्यावर आणखी. मी त्याचं पांघरूण झालो. वजन वाढत गेलं, पाणी हटलं, माशाचं मांस गेलं, हाडं राहिली, आणि सावकाश, फार सावकाश, माझा दगड झाला आणि त्याच्या हाडांचाही. इतका वेळ लागला की मध्ये डोंगर उठले आणि झिजले. मी घाई केली नाही. करून जाणार कुठे?

मग एके सकाळी उजेड पडला. शाळा नवीन बांधत होते आणि तिच्या पायऱ्यांना फरशी हवी होती. मला खाणीतून काढून एका पाथरवटापुढे टाकलं. हा माणूस डावखुरा. हातोडी डाव्या हातात, छिन्नी उजव्या. त्याने माझ्या थराची रेघ बरोबर ओळखली, चार ठिकाणी हलके ठोके दिले आणि मी डब्याचं झाकण उघडावं तसा उघडलो. आत मासा. डोकं, पाठीचा कणा, बारीक बारीक काटे, सगळं जिथल्या तिथे. पाथरवट हातोडी खाली ठेवून कितीतरी वेळ नुसता बघत बसला. "देवा, हे तू कधी केलंस?" एवढंच तो म्हणाला.

त्याने तिथेच थांबायला हवं होतं. पण माझा एक कोपरा वाकडा होता आणि वाकडा कोपरा त्याला सहन होत नसे. त्याने एक ठोका मारला, आणि तिथला पातळ पापुद्रा उडाला. त्या पापुद्र्यावरच माशाची शेपटी होती. खाली चिपांचा ढीग पडलेला. बिचाऱ्याने संध्याकाळपर्यंत ढीग चाळला, त्या दिवशी शेपटी काही सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेची माणसं मला बघायला येणार होती. आपल्या हाताने मासा मोडला हे त्याच्या मनाला इतकं लागलं की त्याने छिन्नी उचलली आणि उघड्या पडलेल्या जागेवर नवी शेपटी कोरून दिली. त्याला ठाऊक असलेला मासा म्हणजे बाजारात मिळणारा. त्याची शेपटी मधून दुभंगलेली असते, म्हणून याने तशीच केली. हात इतका सफाईदार की मलाच काही क्षण वाटलं, होती की काय अशी? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, म्हणतात. मला देवपण नाही आलं, पण पायरी व्हायचं चुकलं आणि कपाट मिळालं. कौतुक असं झालं की पाथरवटाचं तोंडच शिवलं गेलं. आता कसं सांगायचं, या विचारात एक दिवस गेला, मग एक वर्ष गेलं, मग सांगायची वेळच निघून गेली.

विज्ञानाच्या बाई तेव्हा या शाळेत नव्या आल्या होत्या. त्यांनी मला हातात घेतलं ते बाळाला घेतात तसं. माझ्यापुढे पाटी लावली आणि दर वर्षी नव्या वर्गाला त्या माझ्यावरून धडा शिकवू लागल्या. सजीव एकदम आजच्यासारखे झाले नाहीत, पिढ्यानपिढ्या थोडे थोडे बदलत आले, आणि त्या प्रवासाच्या खुणा खडकात राहिल्या, हे त्या इतकं रंगवून सांगत की मागच्या बाकावरची पोरंही पुढे सरकत. शेवटी त्या माझ्या शेपटीवर बोट ठेवत. "शेपटी दुभंगलेली आहे, म्हणजे हा मासा वेगाने पोहणारा होता." पोरं वहीत उतरवून घेत. बावीस वर्षं, मित्रांनो. मी आतल्या आत अवघडून बसायचो. दगडाला घाम येत नाही म्हणून निभावलं.

बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं तेव्हाची गोष्ट. शाळेत वादविवाद ठरला. विषय होता, सजीव निर्माण केले गेले की घडत आले? निर्माण केले गेले, या बाजूने बोलणाऱ्या मुलाला सगळे 'वकील' म्हणत. पोरगा हुशार, आवाज खणखणीत, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यातली फट शोधणारा. दुसऱ्या बाजूला होती पाथरवटाची नात. तिला सगळे 'खारू' म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. तिला माझं मोठं चित्र काढायचं होतं, म्हणून बाईंनी मला टॉवेलात गुंडाळून तिच्या घरी पाठवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी शाळेबाहेर पडलो.

तिने मला ओट्यावर ठेवलं, भिंग लावलं आणि डोक्यापासून चित्र काढायला घेतलं. शेपटीपाशी आल्यावर पेन्सिल थांबली. हाडं तपकिरी आणि किंचित चकचकीत होती, शेपटी मात्र दगडाच्याच रंगाची. त्यात बारीक घाव होते, ओळीने, आणि नेहमीच्या कारागिराच्या उलट बाजूला कललेले. असे घाव तिने जन्मापासून पाहिलेले. घराच्या पायऱ्यांवर तसेच होते, कपडे धुण्याच्या दगडावरही तसेच. सबंध पंचक्रोशीत डावखुरा पाथरवट एकच होता, आणि तो मागच्या अंगणात हत्यारांना धार लावत होता. ती मला उचलून तिकडे घेऊन गेली.

"आजोबा, ही शेपटी कोणी केली?"

आजोबांनी मला पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं. "मासा देवाने केला."

"मी शेपटी विचारली."

आजोबा उठले, नळावर जाऊन हात धुतले, आणि हात स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ धूतच राहिले. त्या संध्याकाळी दोघंही धड जेवले नाहीत. पोरीचा जीव कात्रीत सापडला होता. बोललं तर आजोबांची मान खाली, नाही बोललं तर आपणच व्यासपीठावर उभं राहून खोटी शेपटी मिरवायची.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सांगितलं. बाईंनी भिंग घेतलं, पाहिलं, आणि स्टुलावर बसल्या. कोणी केलं हे त्यांनी विचारलं नाही. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आता निवृत्तीच्या तोंडावर कशाला? दगड कपाटात ठेवा, चित्र दाखवा, विषय संपला."

बाई म्हणाल्या, "सर, बावीस वर्षं मी पोरांना सांगत आले की पुरावा बघा, बाईंवर विश्वास ठेवू नका. त्यांनी खरंच पुरावा बघितला तर आता मी मूठ झाकू?" मग त्या खारूकडे वळल्या. "तू सांगायचंस. घाबरलीस तर मी सांगीन."

मला फार बरं वाटलं त्या दिवशी. भीतीही वाटली. खोटा ठरलेला दगड कुठे जातो, हे मला माहीत आहे. तो कुंडीखाली जातो.

सभागृह भरलं होतं. मला टेबलावर ठेवलं होतं आणि शेवटच्या रांगेत पाथरवट आजोबा बसले होते, मांडीवर हत्यारांची पिशवी. खारू उभी राहिली. माइकपाशी आली. तिने थर सांगितले, चिखल सांगितला, वर्षं सांगितली, आणि मग म्हणाली, "या माशाची शेपटी खरी नाही. ती नंतर कोणीतरी कोरलेली आहे. आमच्या बाईंना हे परवापर्यंत माहीत नव्हतं, आणि कळल्यावर त्यांनीच मला सांगायला लावलं." आजोबांचं नाव तिने घेतलं नाही.

वकील उठला. अशी संधी कोण सोडतो? "समोरच्या बाजूचे आभार," तो म्हणाला. "शेपटी खोटी, मग मासा खरा कशावरून? आणि मासा खरा धरला, तरी एक सांगा. नुसती शेपटी करायला एक कारागीर लागला, मग अख्खा मासा करायला कारागीर नको?"

टाळ्यांनी खिडक्यांची तावदानं वाजली. खरं सांगतो, मुद्दा छान होता. खारू हातातले कागद उलटसुलट करून उत्तर शोधू लागली. बाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या, पण पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाथरवट आजोबा मधल्या वाटेने चालत पुढे आले. म्हाताऱ्याला बोलायची सवय नव्हती, माइकही नको म्हणाले.

"शेपटी माझी आहे," ते म्हणाले. "मासा माझा नाही."

मग ते वकिलाकडे वळले.

"बाळा, तू कारागिराचं विचारलंस ना? मी कारागीर आहे. चाळीस वर्षं दगड फोडतोय. माझी छिन्नी वरून आत जाते. हा मासा दोन थरांच्या मध्ये होता, बंद. मी उघडायच्या आधी तिथे कोणाचंही हत्यार पोचणं शक्य नव्हतं. आणि कारागिराने कितीही लपवलं तरी हाताची खूण राहते. माझी राहिली, नातीने पकडली. बाकीच्या माशावर मी तशी खूण पुष्कळ शोधली. नाही सापडली."

"म्हणजे देव नाही म्हणता?" वकिलाने विचारलं. आवाज आता जरा खाली आला होता.

"रोज त्याचं नाव घेतल्याशिवाय मी हातोडी उचलत नाही. पण माझं काम त्याच्या नावावर खपवायला मला लाज वाटते. बावीस वर्षं वाटली. तो कसं करतो ते मला काय ठाऊक? पण या दगडाकडे बघून एवढं कळतं, की त्याला घाई नसते."

मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला एक पातळ तुकडा काढला. आठवडाभराने चिपा उपसताना तो सापडला होता, आणि तोपर्यंत माझं कौतुक सुरू झालं होतं. इतकी वर्षं तो हत्यारांबरोबर कामावर जाऊन येत होता. त्यांनी तो माझ्या कोपऱ्यावर ठेवला. तपकिरी, चकचकीत, कण्याशी कणा बरोबर जुळला. माझं आणि त्याचं पुन्हा जमलं, मित्रांनो. तुमचं कोणी फार दिवसांनी घरी आलं असेल तर तुम्हाला कळेल.

पण शेपटी दुभंगलेली नव्हती. गोल होती, पंख्यासारखी.

बाई जागेवरून उठल्या, भिंगातून पाहिलं आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "म्हणजे हा वेगाने पोहणारा नव्हताच," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "चिखलाजवळ निवांत फिरणारा असावा. बावीस वर्गांना मी चुकीचं शिकवलं. वह्या काढा."

पहिलं बक्षीस वकिलालाच मिळालं. बोलला होताच तसा. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो एकटा प्रयोगशाळेत आला, भिंग मागून घेतलं आणि घंटा होईपर्यंत माझ्यावरून मान वर केली नाही. जाताना खारूला म्हणाला, "उद्या परत बघू?" दोघांचा वाद अजून मिटलेला नाही. मिटू नये. मला करमतं.

आता माझ्या कपाटात खरी शेपटी कोरलेल्या शेपटीच्या शेजारी ठेवलेली आहे, वर नाही. झाकायचं नाही, असं आजोबांनीच सांगितलं. पाटीही बाईंनी निवृत्तीच्या दिवशी स्वतः बदलली. त्यावर लिहिलं आहे, 'एक शेपटी माशाची, एक माणसाची. कोणती कोणाची ते तुम्ही शोधा.' माझी सगळी वर्षं एकीकडे आणि ही पाटी एकीकडे, इतकी ती मला आवडते.

मित्रांनो, मला भेटायला जरूर या. कोरड्या फडक्याने पुसा, दोन्ही हातांनी उचला, उन्हात ठेवू नका. माझ्यावरून भांडायचं असेल तर खुशाल भांडा. माझ्यात काही कमी वाटलं, तर जागा रिकामी राहू द्या आणि तिथे लिहा, 'अजून माहीत नाही.' मी थांबलो आहे. मलाही घाई नाही.