मीठ बघ गं

"खिडकी उघड, गितल! सताड उघड. वास तिकडे गेला पाहिजे," गॅसपाशी उभा राहून झेलिग ओरडला.

तिकडे म्हणजे रस्त्यापलीकडच्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात. आज योम किप्पुर. काल सूर्य बुडाल्यापासून आज सूर्य बुडेपर्यंत तिथली माणसं तोंडात पाण्याचा थेंब घालणार नाहीत. छातीवर मुठी आपटून वर्षभराच्या पापांची माफी मागतील आणि उद्यापासून नवी करायला मोकळी होतील. त्यांच्याबद्दल मला कधी प्रेम वाटलं नाही. म्हणून झेलिगबद्दल वाटलं, असंही नाही. बेचाळीस वर्षं हा माणूस दर योम किप्पुरला भर दुपारी एक वाजता जेवण घालतो. कांदा परतायचा तो खिडकी उघडी टाकून. मांसाच्या सूपात आंबट साय घालायची, कारण धर्माला मांस आणि दूध एकत्र चालत नाही. शिवाय इटालियन खाटकाकडून डुकराचं मांस आणायचं, जे याला स्वतःला पचत नाही. देव नाही हे देवाला कळावं म्हणून एवढा खटाटोप! समोरच्या लोकांनीसुद्धा हा दिवस इतका कडक पाळला नसेल.

एके काळी आमच्या कामगार वसाहतीच्या तळघरात या जेवणाला साठ-साठ माणसं असत. कोट शिवणारे, टोप्या शिवणारे, झेलिगसारखे दिवसभर वाफेची इस्त्री ओढणारे. दोन वर्तमानपत्रांवरून त्यांच्यात दोन तट पडले होते आणि एका तटाचा माणूस दुसऱ्याला मीठसुद्धा सरकवत नसे. समता म्हणताना टेबलावर मूठ आपटायचे आणि ताट रिकामं झालं की मान न वळवता ते मागे धरायचे. मागे झेलिगची बायको ब्रुखा उभी असायची. हातात डाव, कमरेला टॉवेल. ती वाढायची.

आता अर्धे फ्लोरिडाला गेले आणि बाकीचे मेले. तळघरात कपडे धुण्याची मशीनं आली. ब्रुखा फेब्रुवारीत गेली. तरी झेलिग हटला नाही. या वर्षी जेवण त्याच्याच स्वयंपाकघरात, तीन खुर्च्या मांडून. एक त्याची, एक माझी, कारण मी चाळीस वर्षं समोरच्या दारात राहते आणि माझी सुटका नाही. तिसरी मार्शाची.

ही मार्शा विद्यापीठातून येते, आमच्या आठवणी टेप करायला. गुडघ्यावर टेपरेकॉर्डर, डोळ्यांत कौतुक. हिला प्रार्थना नको, उपास नको, देव तर मुळीच नको, पण ज्यूपण हवं. आमची भाषा ती वहीत शब्द उतरवून शिकते, फुलपाखरं टाचणीने लावतात तशी.

"आजी, हे सगळं किती गोड आहे!" ती मला म्हणाली.

"मी तुझी आजी नाही. आणि गोड काय आहे यात? कोबी आहे."

"नाही, म्हणजे ही परंपरा."

"परंपरा मोडायची परंपरा," झेलिग खुशीत म्हणाला. "हे घे टेपवर. मशीन चालू आहे ना? मग आधी हे ऐक. उद्या दगडवाला येणार आहे."

एप्रनच्या खिशातून त्याने कागद काढला. वर्ष भरायच्या आत थडग्यावर दगड बसवायचा, हा रिवाज मात्र याला चालतो. घसा खाकरून त्याने वाचलं, "ब्रुखा. हातमोजे शिवणारी कामगार. देव मानला नाही. उपास कधी केला नाही."

"वा!" मार्शा म्हणाली. "किती ठाम!"

"ठाम होतीच. अख्ख्या वसाहतीत तिच्यासारखी पक्की नास्तिक बाई नव्हती. बेचाळीस वर्षांत एक योम किप्पुर असा गेला नाही की तिने हे सूप केलं नाही." तो सूपाकडे वळला, ढवळलं, पळी माझ्यापुढे केली. "गितल, मीठ बघ गं."

"तू बघ की. ब्रुखाला बघता येत नव्हतं, तुला काय झालंय?"

तोंडातून निसटलं असं म्हणता आलं असतं. तसं नाही. कागद ऐकल्यापासून ते माझ्या जिभेवरच होतं. हातमोजे शिवून बोटं वाकडी झालेल्या त्या बाईच्या डोक्यावर हा माणूस दगडात खोटं कोरणार होता, आणि वर मान ताठ करून उभा राहणार होता.

"बघता येत नव्हतं म्हणजे?"

"म्हणजे ती या दिवशी चाखत नव्हती. सूप झालं की पळी मला द्यायची. मीठ बघ गं, गितल. दर वर्षी."

"तिला तिखट-मिठाचं कळायचं नाही म्हणून."

"झेलिग, ती या दिवशी काहीच खात नव्हती. पाणीसुद्धा नाही. सूर्य बुडेपर्यंत."

"खोटं!"

"बरं, खोटं."

"साठ माणसांच्या देखत ती..."

"ती काय? ती बसलेली पाहिलीस कधी? तिच्या ताटात काय होतं, सांग."

समोर प्रार्थनेचा सूर चढला, पुन्हा खाली आला. झेलिगने मिठाची बरणी उचलली, मूठ टाकली, विसरून पुन्हा टाकली.

"ती वाढत होती," तो म्हणाला.

"हो. वाढतच होती."

"बावन्न साली..."

"बावन्न साली मी इस्पितळात होते. पित्ताशय काढलं माझं. चाखायला कोणी नव्हतं."

त्या वर्षी सूप इतकं खारट झालं होतं की पुढे वीस वर्षं झेलिगला विनोद पुरला. दर योम किप्पुरला पहिला चमचा उचलून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "का रे, आज सूप आहे की समुद्र? ब्रुखाचा हात देवाला भिऊन थरथरला नाही ना?" साठ माणसं हसायची. दारात डाव धरून ब्रुखाही हसायची. मी तिच्याकडे बघायची आणि मला बरं वाटायचं. जग बदलायला निघालेल्या या साठ शहाण्यांना पाच फुटांवरचं दिसत नाही आणि मला दिसतं, याचं मला सुख होतं. म्हणूनच मी इतकी वर्षं बोलले नाही. मैत्री वगैरे नंतरची गोष्ट. माझीही लायकी मला ठाऊक आहे.

"म्हणजे त्या मनातून धार्मिक होत्या?" मार्शा पुढे सरकली. "आणि सॉरी, मघाचं जरा परत सांगता का? कॅसेट उलटायची राहिली."

"नाही सांगत."

पण झेलिग माझ्याकडे बघत होता, म्हणून सांगितलं. "लढाईच्या आधी विचारलं तेव्हा म्हणाली, आई तिकडे गावाला करते, म्हणून मी करते. शेहेचाळीस साली पुन्हा विचारलं. तोवर नाझींनी तिचं गाव संपवलं होतं. आई, तिघी बहिणी, सगळं. तेव्हा म्हणाली, आता आई करत नाही, म्हणून करते."

"आणि देव?"

"देवाचं नाव काढलं तर भांडं आपटायची. तिथे तू आणि ती एकच होतात."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू भाषण केलं असतंस."

एक वाजला. त्याने आम्हा दोघींना सूप वाढलं, वर साय घातली. ब्रेड कापला, खारवलेला मासा मांडला, बटाटे आणले. स्वतः बसला नाही. मी एक चमचा तोंडात घातला आणि खाली ठेवला. मार्शाने मात्र अख्खा वाडगा संपवला, दोन ग्लास पाणी प्यायली आणि छान झालंय म्हणाली. संस्कृतीसाठी माणसं काय काय गिळतात! मग ती कॅसेटवर तारीख लिहायला लागली आणि मान न वळवता तिने ताट मागे धरलं.

मागे झेलिग उभा होता. त्याने दोन बटाटे वाढले.

ती गेल्यावर मी भांडी घासली. तो कागद पुढे घेऊन टेबलाशी बसला. उपासाची ओळ त्याने पेन्सिलीने खोडली. थोड्या वेळाने देवाचीही खोडली. ती खरी होती, पण एकटी राहिल्यावर ती त्याचीच वाटत होती, तिची नाही. नाव आणि हातमोजे उरले. खोडलेल्या ओळींच्या जागी काय लिहायचं ते मला सुचलं नाही, त्यालाही नाही. बेचाळीस वर्षं तिच्याबरोबर एका घरात राहून!

"थोडं खाऊन घे," मी म्हणाले. "शहात्तर वर्षांचा आहेस. चक्कर येऊन पडशील."

"भूक नाही."

"उपास करतोयस का?"

"मूर्खासारखं बोलू नकोस. भूक नाही म्हटलं ना."

तो तसाच बसून राहिला. उन्हं भिंतीवरून चढत छतापाशी गेली. सहाच्या पुढे कधीतरी समोरून उपास सुटल्याचा शिंगाचा लांब आवाज आला आणि लगेच दारं उघडली. माणसं घाईघाईने घराकडे निघाली. पुण्यवान माणसांना भूक लागली की ती एकमेकांना वाट देत नाहीत.

झेलिग उठला. खिडकी लावली. सूप गरम केलं, वाडग्यात घेतलं, साय न घालता. माझ्या समोर बसून त्याने पहिला चमचा तोंडात घातला.

त्याचा हात थांबला. सूप तोंडात धरवत नव्हतं इतकं खारट होतं. मी त्याच्या विनोदाची वाट पाहिली. वीस वर्षांची सवय.

त्याने ब्रेडचा तुकडा मोडला, डोकं खाली घातलं आणि सगळा वाडगा संपवला.