साक्षीला उभी राहणारी माणसं

आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला तोच उभा राहतो, ज्याचं काम झालंय. नोकरी लागली, गाठ साधी निघाली, बिघडलेला जावई सुधारला, की माणूस रविवारी पुढे जाऊन माइक धरतो. ज्याचं अजून अडलंय तो मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतो. असा नियम कुणी केलेला नाही, पण अर्धवट साक्ष आमच्याकडे चालत नाही. पाठीच्या ऑपरेशनमध्ये बायकोचे पाय गेले, तेव्हापासून मीही मागेच बसतो.

नव्या पाळकसाहेबांनी चर्चचा ब्लॉग काढला आणि लिहिणारी चार माणसं निवडायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी कमिटीचा सेक्रेटरी, सगळ्यांच्या साक्षी मला तोंडपाठ. ज्यांची प्रार्थना ऐकली गेली त्यांनाच घेतलं: निवृत्त हेडबाई, बेकरीवाला आणि दातांची डॉक्टरीण. चौथी जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली. ती माझी होती. बायको उभी राहिली की मी लिहिणार होतो. ती उभी राहणारच, यात मला तसूभर शंका नव्हती. शंका काढणाऱ्याशी मी बोलणंच सोडलं होतं.

लेख आले. हेडबाईंचा गुडघा बरा झाला. बेकरीवाल्याची भट्टी आगीतून वाचली. डॉक्टरीणबाईंचा बसलेला दवाखाना पुन्हा चालू लागला. तिघांच्याही शेवटी देवाने लाज राखली, आमेन. वाचणारे कोण, तर हेच तिघं, आणि तेही फक्त आपापला.

"काका, तिघांनी एकाच पेपरवरून कॉपी केल्यासारखं झालंय," पाळकसाहेब म्हणाले. वयाने ते माझ्या मुलासारखे, पण डोळे तीक्ष्ण. "अजून अडलेलं कुणी नाही का आपल्यात?"

"अडलेल्यांनी लिहायचं काय? रडगाणं?"

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मला ते बघणं मुळीच आवडलं नाही. मी कागद गोळा केले आणि घरी आलो.

घरी बायकोला तिन्ही लेख वाचून दाखवले. तिचा पलंग आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी आणलाय, म्हणजे मी भांडी घासताना तिला माझ्या चुका काढता येतात. बेकरीवाल्याच्या भट्टीला ती खळखळून हसली. मग म्हणाली, "चौथं कोण?"

"मी. तू बरी झालीस की."

"ती जागा मला द्या."

"तू काय लिहिणार?"

"आहे ते."

"आधी बरी तर हो. घाई काय आहे?"

"अहो, मागच्या खेपेला डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर नेऊन जे सांगितलं ना, ते मला ऐकू आलं. त्यांच्या खोलीचं दार नीट लागत नाही."

महिनोन् महिने मी ते पोटात दाबून ठेवलं होतं, आणि हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"डॉक्टर म्हणजे देव नव्हे," मी म्हणालो.

"नाहीत. पण पाय माझे आहेत. मला कळतं."

मग माझा तोल गेला. मी ओरडलो. दर रविवारी लोकांना सांगतो फरक पडतोय, फरक पडतोय, आणि तू मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडणार. तू हरलीस, असंही म्हणालो. आजारी बायकोला असं बोलणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते मला माहीत आहे.

तिने सगळं ऐकून घेतलं. "झालं बोलून? आता बसा आणि टाइप करा. तुमच्याशिवाय मला आहे कोण लिहून देणारं?"

मी दोन बोटांनी टाइप करू लागलो. ती सांगत गेली.

"मी पुन्हा चालणार नाही. माझं रडून झालंय. माझ्या पायांसाठी प्रार्थना करत असाल तर आता पुरे. आधी तुम्ही यायचात, डोक्यावर हात ठेवायचात. मी बरी होईना, तसं तुम्हाला अवघडायला लागलं आणि तुम्ही यायचे थांबलात. मला राग नाही. पण या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं ते सांगा. मला सगळे देवाचंच सांगतात, गावातलं कुणी सांगत नाही."

इथे मला हसू आलं, तिलाही आलं. मग ती पुढे म्हणाली, "लिहा. प्रार्थना करायचीच असेल तर माझ्या नवऱ्यासाठी करा. तो रोज माझा अंगठा हातात धरून म्हणतो, हलला बघ. अंगठा हलत नाही. त्याचं मन मोडू नये म्हणून मी हो म्हणते. आता माझ्याने हो म्हणवत नाही."

माझी बोटं थांबली.

"शेवटचं तेवढं काढू या," मी म्हणालो.

"का?"

"मग उद्यापासून मी काय करायचं?" आवाज माझाच होता, पण मला ओळखू येईना. "सांग ना. काय करायचं मी?"

"आत्ता मला कुशीवर वळवा," ती म्हणाली. "पाठ दुखून आलीय."

मी तिला भिंतीकडे तोंड करून वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली. परत येऊन बसलो. एकही वाक्य न काढता चौथ्या जागेवर तिचं नाव टाकलं आणि लेख ब्लॉगवर चढवला. मग पलंगाच्या पायथ्याशी गेलो, तिच्या दोन्ही पावलांवर डोकं टेकलं आणि रडलो. आवाज बाहेर येऊ दिला नाही, पण सगळा भार टाकला, अगदी सगळा. चांगल्या पायांना कळ लागली असती.

बराच वेळ गेला. भिंतीकडे बघतच तिने हाक मारली.

"अहो, बाहेर गेलात का?"

"नाही," मी म्हणालो. "इथेच आहे."